नांवाच्या शेवटचीं अक्षरें

पत्रावर पत्ता लिहितांना आपण प्रथम माणसाचें नांव लिहितों, मग गांव, तालुका, जिल्हा आणि अखेरीस पिनचे सहा आंकडे. टपाल खातें मात्र तोच पत्ता उलट्या क्रमानें वाचतें. भोरचे ४१२२०६ हे आंकडे आधीं पाहिले जातात, त्यांवरून थैलीची वाट ठरते, आणि घरधन्याचें नांव पोस्टमन सर्वांत शेवटीं पाहतो. इंटरनेटवरील संकेतस्थळाचें नांवही असेंच शेवटाकडून वाचावयाचें असतें. हें साधें ज्ञान प्रत्येक विद्यार्थ्यास शाळेंतच मिळालें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नांवांतील अखेरच्या टिंबापुढें जीं अक्षरें येतात, त्यांवरून तें नांव कोणाच्या दप्तरीं नोंदलें आहे तें कळतें. प्रत्येक देशास दोन रोमन अक्षरें नेमून दिलेलीं आहेत. भारतास १९८९ सालीं ‘इन’ हीं अक्षरें मिळालीं. भोर संस्थानानें १८७९ सालीं स्वतःचीं टपाल तिकिटें काढलीं होतीं. तिकीट पाहून संस्थान ओळखावें, तसाच हा प्रकार. तीं तिकिटें आतां संग्राहकांच्या वह्यांतच सांपडतात, आणि संस्थानही १९४८ सालीं विलीन झालें. युगोस्लाव्हिया देश मोडल्यावर त्याचीं ‘वाययू’ हीं अक्षरेंही अखेर २०१० सालीं रद्द झालीं.

परंतु नोंद कोठें झाली हें कळलें म्हणजे मालकाचा स्वभाव कळला, असें कोणीं समजूं नये. तुवालू या चिमुकल्या द्वीपराष्ट्राचीं अक्षरें ‘टीव्ही’ अशीं आहेत, म्हणून दूरचित्रवाणीवाले तीं पैसे देऊन घेतात. अँग्विला बेटाचीं ‘एआय’ हीं अक्षरें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनीं उचललीं आहेत. ‘कॉम’ तर कोणासही मिळतें. आणि २००५ पासून ‘इन’ हेंही जगांतील कोणाही माणसास शुल्क भरून घेतां येतें. ‘जीओव्ही.इन’ मात्र केवळ सरकारी कार्यालयांस मिळतें. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें बँकांसाठीं ‘बँक.इन’ हा स्वतंत्र शेवट राखून ठेवण्यांत आला, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनीं त्याखालीं यावें असें ठरलें.

आतां आपल्या घरचें उदाहरण पाहूं. वेल्ह्याच्या शेतकऱ्यास सातबारा हवा असतो. त्याचें सरकारी स्थळ ‘महाभूमी.जीओव्ही.इन’ या नांवाखालीं आहे. एखाद्या लबाडानें याच नांवापुढें आणखी एक टिंब देऊन ‘कॉम’ जोडलें, तर तें घर सरकारचें राहिलें नाहीं. ‘जीओव्ही’च्या आधीं टिंबाऐवजीं आडवी रेघ घातली, तरीही तेंच. भोळा वाचक आरंभीं ‘महाभूमी’ पाहून निश्चिंत होतो आणि आपला आधार क्रमांक त्याच्या हवालीं करतो. म्हणून पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जावें, तेथून मागें वळावें, शेवटचे दोन-तीन शब्द वाचावे आणि मगच पुढें पाऊल टाकावें.

कोणी म्हणेल, ज्यांना रोमन अक्षरेंच येत नाहींत त्या वडीलधाऱ्यांनीं काय करावें? हा आक्षेप खरा आहे. त्याचें एक उत्तर २७ ऑगस्ट २०१४ रोजीं मिळालें. त्या दिवशीं ‘भारत’ हा शेवट देवनागरींत सुरू झाला, आणि मराठींतही नांव घेण्याची सोय झाली. आमच्या ग्रामपंचायतींनीं, पतपेढ्यांनीं आणि शाळांनीं या सोयीचा लाभ घ्यावा. दाराची पाटी ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला दार ओळखा असें सांगणें न्यायाचें नाहीं.

तोंवर हें काम, विद्यार्थ्यांनो, तुमचें आहे. तुमच्या आईबापांनीं घाम गाळून तुम्हांस अक्षरओळख करून दिली. आतां त्यांच्या हातांतील फोनवर एखादें नांव उमटलें, तर त्यांच्याशेजारीं बसा आणि त्याचीं शेवटचीं अक्षरें त्यांना वाचून दाखवा.