सचिनचे नवाब आणि खानदेशचे पाटील

सुरतहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना, भेस्तान मागे टाकते आणि सचिन येते. आज हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. 1948पर्यंत मात्र सचिन हे संस्थान होते आणि तिथल्या नवाबांचे मूळ थेट कोकणात, मुरूडच्या जंजिऱ्यात होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या गादीवरून तिथल्या सिद्दी राज्यकर्त्यांमध्ये तंटा झाला. सिद्दी जौहरने किल्ला बळकावला आणि गादीचा वारस बाळूमियाँ, म्हणजेच सिद्दी अब्दुल करीम, पेशव्यांकडे आला. 1791च्या तहात त्याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचा मुलूख घेतला. जंजिरा पेशव्यांच्या हाती लागलाच नाही. सचिनचे संस्थान मात्र उभे राहिले.

या घराण्याचा माग नुसत्या नावावरून काढू पाहणारा हमखास चुकतो. ‘याकूतखान’ हा औरंगजेबाने जंजिऱ्याच्या सिद्दी कासमला दिलेला किताब. पुढे सचिनचे नवाबही तो लावत. साल आणि ठिकाण जुळवल्याशिवाय कागदातला याकूतखान नेमका कोणता, हे कळत नाही.

हीच अडचण सुरत परिसरात राहणाऱ्या हजारो खानदेशी कुटुंबांची आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेल्या या माणसांत ‘पाटील’ घरोघरी भेटतात. पाटीलकी हे गावचे वतन होते, एका कुळाची खूण नव्हे. दोन पाटलांचे कूळ एक असेलच असे नाही, जातही एक असेल असे नाही. म्हणून मूळ गाव, कुलदैवत, सातबारा आणि जन्ममृत्यूची नोंदवही यांना आडनावापेक्षा अधिक वजन द्यायला हवे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर यात्रेला आलेल्या पूर्वजाची स्वतःची सहीसुद्धा सापडू शकते.

बायकांचे काय? 1926 साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित करणाऱ्या फातमा बेगम आणि ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा या मायलेकींचे नाव सचिनच्या नवाबाशी जोडले जाते. फातमा बेगम आणि नवाब यांच्या विवाहाची अधिकृत नोंद मात्र मिळत नाही, असे सांगितले जाते. ज्या वंशावळीत फक्त बापाकडून मुलाकडे रेघ ओढली जाते, तिथे अशा कर्तबगार बायकांना जागाच उरत नाही. घरची वंशावळ लिहिताना आजीचे माहेरचे नाव आणि गाव आधी विचारून घ्यावे. ते सांगणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत.

2023मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नातून जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांची एकदम आठवण झाली. ती गरज तेवढ्यापुरती नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांच्या सूची सामान्य माणसाला घरबसल्या शोधता आल्या पाहिजेत. सुरतेतल्या मराठी मंडळांनीही मोडीचे वर्ग भरवावेत आणि ते संध्याकाळी, पाळी सुटल्यावर भरवावेत. कारखान्यात राबणाऱ्या माणसालाही आपल्या पणजोबाचा कागद स्वतः वाचण्याचा हक्क आहे.