डीफ्रॅगमेंटेशन : एक अपुरी आवराआवर

संगणक मंदावला की घरातल्या जाणत्या माणसाने द्यावयाचा सल्ला एके काळी ठरलेला असे : 'एकदा डीफ्रॅग करून बघा.' तापावर लंघन सांगावे तितक्या सहजतेने तो दिला जाई आणि तितक्याच श्रद्धेने पाळलाही जाई. आज तो सल्ला क्वचितच ऐकू येतो, आणि बहुतेक नव्या यंत्रांच्या बाबतीत तो देऊही नये. परंतु एखादे कर्मकांड मागे पडले, की त्याने खरोखर काय साधले आणि कशाचे नुसतेच समाधान दिले, हे तपासणे सोपे जाते. आमचे म्हणणे थोडक्यात असे : डीफ्रॅगने यंत्राचे काम चोख केले; पण यंत्राची आवराआवर म्हणजेच आपल्या दप्तराची आवराआवर, हा जो समज त्यातून रूढ झाला, तो मराठी लेखनाला महाग पडला आहे.

आधी यंत्राची बाजू. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेपाची गरगर फिरणारी चकती आणि तिच्यावरून सरकणारे वाचनशीर्ष. घरगुती संगणकातली चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेई. चकतीवरची जागा समान आकाराच्या खणांत वाटलेली असते. या खणांना क्लस्टर म्हणतात आणि असा एक खण बहुधा ४ किलोबाइटचा असतो. नव्या चकतीवर फाइल सलग खणांत बसते. पुढे रोजच्या वापरात काही फाइली पुसल्या जातात, काही वाढतात, मधले खण मोकळे होतात, आणि नंतर आलेली फाइल जागा मिळेल तशी तुकड्यातुकड्यांनी बसते. कोणत्या खणानंतर कोणता खण वाचायचा, याची नोंद जुन्या विंडोजमध्ये 'फॅट' नावाच्या कोष्टकात असे. ही नोंद शाबूत असेपर्यंत काहीही हरवत नाही, वेळ मात्र जातो. बांधणी नसलेल्या पोथीची पाने घरातल्या दहा कोनाड्यांत ठेवावीत, तसा हा प्रकार. पानांवर अंक आहेत तोवर पोथी पूर्णच आहे, पण वाचणाऱ्याला दर पानागणिक उठावे लागते.

हे उठणे किती खर्चिक, याचा हिशेब करता येतो. वाचनशीर्षाला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यास साधारण ९ मिलिसेकंद लागतात, आणि हवा तो भाग फिरत त्याच्याखाली येईपर्यंत ७२०० फेऱ्यांच्या चकतीवर सरासरी आणखी ४. चार मेगाबाइटच्या गाण्याचे सुमारे हजार खण होतात. ते सगळेच सुटे पडले असे मानले, तर तेरा सेकंद निव्वळ धावपळीत जातात. तेच गाणे सलग असेल तर सेकंदाचा अंशही पुरतो. प्रत्यक्षात इतकी टोकाची अवस्था सहसा येत नसे. तरीही डीफ्रॅगला सरसकट अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. त्या उपचाराला रोगाचे निदान होते.

पण तो लोकप्रिय झाला तो निदानामुळे नव्हे, दर्शनामुळे. १९९३ साली एमएस-डॉसच्या ६.० या आवृत्तीबरोबर सिमँटेक कंपनीकडून घेतलेला डीफ्रॅगचा प्रोग्रॅम आला, आणि पडद्यावर चकतीचा चौकटीचौकटींचा नकाशा दिसू लागला. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये हे चौकोन एकेक करून जागा बदलताना दिसत. मध्येच दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने चकतीवर काही लिहिले, की सगळे पहिल्यापासून सुरू होई. म्हणून मंडळी स्क्रीनसेव्हर बंद करीत आणि घरातल्यांना संगणकाला हात लावू देत नसत. विंडोज एक्सपीमध्ये नकाशाच्या जागी पट्टे आले : विखुरलेल्या फाइलींना तांबडा रंग, सलग फाइलींना निळा, न हलवता येणाऱ्यांना हिरवा आणि मोकळ्या जागेला पांढरा. तांबड्याचा निळा होताना पाहणे हे सुख होते. घरात आणि कचेरीत जी व्यवस्था कधीच लागत नाही, ती निदान एका आयतात लागताना दिसे, आणि तीही आपण हात न हलवता.

हा देखावा २००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने काढून टाकला. नकाशा गेला, आणि काम दर बुधवारी पहाटे एक वाजता आपोआप होण्याचे वेळापत्रक आले. पुढे चकतीच गेली. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे काही नाही आणि सरकणारे शीर्षही नाही. तिथे तुकडे सलग असण्याने फारसा लाभ होत नाही. उलट प्रत्येक पुनर्लेखनाने तिच्या पेशींचे ठरावीक आयुष्य थोडे कमी होते. म्हणून विंडोज अशा ड्राइव्हला कोणते भाग मोकळे झाले एवढे कळवते, आणि जुन्या पद्धतीचे डीफ्रॅग फिरत्या चकतीपुरते राखून ठेवते. म्हणजे सलगपणा हे मूल्य नव्हतेच. ती वाचनशीर्षाच्या चालीची सोय होती.

इथे आमचा खरा मुद्दा सुरू होतो. डीफ्रॅगने काय केले नाही, ते पाहिले पाहिजे. त्याने कोणती फाइल ठेवण्याजोगी हे ठरवले नाही, तिची प्रत काढली नाही आणि तिच्यात काय आहे हेही पाहिले नाही. एवढेच काय, फाइल पुसली तरी तिचा मजकूर चकतीवर काही काळ राहत असे आणि जाणकाराला तो परत मिळवता येई. डीफ्रॅगने त्याच मोकळ्या खणांत दुसरे काही आणून ठेवले, की ती आशाही संपे. आवराआवर आणि जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि प्रसंगी एकीमुळे दुसरीचे नुकसान होते.

आता त्या काळच्या मराठी फाइली आठवाव्यात. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम, किरण, शिवाजी अशा निरनिराळ्या प्रणालींच्या आणि फाँटच्या आधाराने लिहिला गेला. कविता, प्रबंध, संस्थांची इतिवृत्ते, पेजमेकरमध्ये जुळवलेले दिवाळी अंक, सगळे त्यात आले. यांतल्या बहुतेक फाँटमध्ये फाइलीत साठवले जाई ते अक्षर नव्हे, अक्षराच्या आकाराचे तुकडे : अर्धा 'प', काना, वेलांटी, रफार, आणि तेही रोमन अक्षरांच्या जागा उसन्या घेऊन. एका फाँटची वाटणी दुसऱ्याशी जुळत नसे. तो विशिष्ट फाँट नसेल, तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रास उरते.

मानक नव्हते असे नाही. भारतीय मानक ब्यूरोची इस्की संकेतप्रणाली १९९१ ची. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, आणि विंडोज २००० पासून ती घरगुती संगणकावर वापरता येत होती. तरीही छपाईच्या सोयीसाठी जुने फाँट चालत राहिले. ते मजकूर युनिकोडमध्ये आणणे म्हणजे नुसते अक्षरामागे अक्षर ठेवणे नव्हे. 'कि' मधली वेलांटी जुन्या फाँटमध्ये दिसते तशी 'क'च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती 'क'च्या नंतर येते. रफाराचे नेमके उलट होते. परिवर्तक उपलब्ध आहेत, पण ते फाँटगणिक वेगळे, आणि त्यांचे काम कोणीतरी डोळ्यांखालून घालावेच लागते.

मराठीच्या दृष्टीने खरे विखंडन ते हे होते, आणि पडद्यावरच्या तांबड्या पट्ट्यांत ते कधीच दिसले नाही. अशी फाइल चकतीवर शंभर टक्के सलग, निळीशार असू शकते आणि तरीही वाचता येत नाही. याला आपल्याकडे पूर्वीचा दाखलाही आहे. महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतके मठांत काळजीने सांभाळल्या गेल्या. पाने जागच्या जागी होती; पण सकळ लिपीची किल्ली पंथाबाहेर कोणाकडे नव्हती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे ते गद्य बाहेरच्या अभ्यासकांसमोर आले. तिथे निदान गुप्तता हा हेतू होता आणि पंथात वाचणारे होते. आपल्या जुन्या फाइलींच्या बाबतीत हेतू कोणाचाच नव्हता, आणि किल्ली मात्र दर वर्षी हरवत चालली आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. अडगळीतला जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातल्या मराठी फाइली उतरवून घ्याव्यात, आणि त्यांच्याबरोबर फाँटची फाइलही. त्या युनिकोडमध्ये आणून कोणाकडून तरी वाचून घ्याव्यात, आणि दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. हे काम पट्ट्यांचा रंग बदलून दिसणार नाही आणि बुधवारी पहाटे आपोआपही होणार नाही. त्याला मराठी वाचणारे माणूसच लागते, आणि कोणता फाँट वापरला होता हे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत.