राजीनामा दिला, पगार नाही सोडला!

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यातल्या, रिंग रोडलगतच्या काचेच्या इमारतींत एक रीत चांगली रुजली आहे. माणसाने राजीनामा टाकला की त्याचा पगार ‘होल्ड’वर. काम मात्र होल्डवर नाही हं! रोज स्टँडअपला हजर राहा, नव्या पोराला केटी द्या, म्हणजे आपलं काम शिकवा, रात्री अडीचला प्रॉडक्शन कोसळलं तर उठून बसा. पैसे? ते ‘फुल अँड फायनल’मध्ये. म्हणजे शेवटच्या दिवसानंतर दीड-दोन महिन्यांनी, साहेबांची मर्जी असली तर.

माझ्याही वाट्याला हे आलं. एचआरला विचारलं, हे लिहिलंय कुठे? उत्तर आलं, “सर, सिस्टीममध्येच तसं आहे.” घरमालकाची सिस्टीम वेगळी होती. त्याला पाच तारखेला भाडं हवं होतं, आणि दहा महिन्यांचं डिपॉझिट आधीच त्याच्या खिशात. मिरजेला आईला फोनवर सांगितलं, बँकेचा सर्व्हर डाउन आहे. महिनाभर राबलेल्या माणसाने आईशी असं खोटं बोलायचं!

यावर कंपनीवाल्यांचं ठरलेलं पालुपद: लॅपटॉप घेऊन पळाला तर? अहो, पळणारा माणूस 90 दिवसांची नोटीस कशाला देईल? आणि तुम्हाला माणूस नको झाला की सकाळी मीटिंगला बोलावून दुपारी गेटबाहेर काढता, तेव्हा त्याच्या हातात तुमचं काय तारण असतं? माहेरी निघालेल्या सुनेचे दागिने काढून घेणारी सासू निदान पॉलिसीची भाषा तरी बोलत नव्हती.

खरी मेख रिलीव्हिंग लेटरमध्ये आहे. पुढची कंपनी ते मागते, म्हणून इथे कुणी तोंड उघडत नाही. हे एचआरला पक्कं ठाऊक असतं.

कायदाही बराच काळ त्यांच्याच सोयीचा होता. 1936च्या वेतन कायद्यात दोन दिवसांत हिशेब चुकता करण्याची सक्ती होती, पण ती मालकाने काढून टाकलेल्यांसाठी. स्वतःहून सोडणारा त्यात नव्हताच. शिवाय महिना 24 हजारांवर पगार असला की तो कायदाच लागू नव्हता. 2019च्या वेतन संहितेने कलम 17मध्ये राजीनामा देणाऱ्यालाही घेतलं: नोकरी सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत पगार हातात. पगाराची मर्यादाही गेली. पण संसदेने मंजूर केलेली ही संहिता लागू झाली 21 नोव्हेंबर 2025ला. सहा वर्षं! कर्नाटक सरकार तर आयटी कंपन्यांना नोकरीच्या अटी लेखी ठरवायला लावणाऱ्या स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट देत आलं. 2024मध्ये ती आणखी पाच वर्षं वाढवली. कंपन्यांचे लाड पुरवायला सरकारला कधी उशीर होत नाही.

तक्रारीला जायचं तर कामगार खात्याचं बन्नेरघट्टा रोडवरचं कार्मिक भवन. म्हणजे सिल्क बोर्ड चौकाच्या वाहतुकीत अर्धा दिवस गेला. तरीही जा. ‘होल्ड’ची मेल, हजेरीची नोंद, आधीच्या पगारपावत्या लॅपटॉप परत करण्याआधीच स्वतःकडे घेऊन ठेवा. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेच्या कलम 59ने मालकावर टाकली आहे, तुमच्यावर नाही.