वसंत नव्हे, वल्हांडण

ईस्टरच्या प्रतीकसृष्टीची चर्चा आपल्या समीक्षेत निघाली की तिचा निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो. फ्रेझरच्या ‘द गोल्डन बाऊ’मधून (१८९०) मरणारा आणि पुन्हा उठणारा वनस्पतिदेव घ्यायचा, नॉर्थ्रप फ्रायच्या ‘अ‍ॅनॅटमी ऑफ क्रिटिसिझम’मधून (१९५७) ऋतुचक्राचा आराखडा घ्यायचा, आणि अडोनिस-ओसायरिस यांच्या पंक्तीत ख्रिस्ताला बसवून ‘वसंतातील पुनर्जन्माचा आदिबंध’ म्हणून मोकळे व्हायचे. हे वाचन व्यापक दिसते खरे. पण ते संहिता न वाचण्याची एक प्रतिष्ठित रीत होऊन बसले आहे. ईस्टरची प्रतीके प्रामुख्याने एका संहितेतून घडली आहेत, आणि ती संहिता यहुदी आहे, ही गोष्ट या वाचनात नाहीशी होते, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे.

या गैरसमजाला इंग्रजी नावाने हातभार लावला. बीड या इंग्लिश मठवासी विद्वानाने ७२५ साली लिहिलेल्या कालगणनेच्या ग्रंथात ‘एओस्त्रे’ या देवतेवरून हे नाव आल्याचे सांगितले. तिच्या नावाने उत्सव होत, यापलीकडे तो तिच्याविषयी काही सांगत नाही. तरीही या त्रोटक उल्लेखावर वसंतदेवतेचे मोठे मंदिर उभारले गेले. ग्रीक आणि लॅटिन ‘पास्खा’, इटालियन ‘पास्क्वा’, फ्रेंच ‘पाक’ ही नावे मात्र हिब्रू ‘पेसाह’कडे बोट दाखवतात. इंग्रजीत हा गोंधळ इतका मुरला की १६११ च्या किंग जेम्स बायबलात ‘प्रेषितांची कृत्ये’च्या बाराव्या अध्यायात यहुदी सणालाही ‘ईस्टर’च म्हटले गेले.

मराठी बायबलने ‘पेसाह’साठी ‘वल्हांडण’ हा शब्द योजला. ‘ओलांडणे’च्या कुळातला हा शब्द ‘निर्गम’च्या बाराव्या अध्यायातील मूळ कृती नेमकी धरून ठेवतो: दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त दिसले की परमेश्वर ते घर ओलांडून पुढे जातो. दुर्दैवाने ग्रंथात ‘वल्हांडण’ आणि दिनदर्शिकेत ‘ईस्टर’ अशी फाळणी झाली. हाताशी असलेला नेमका शब्द सोडून आपण उसन्या शब्दावर उसना सिद्धांत रचत बसलो.

योहानाचे शुभवर्तमान काय करते ते पाहावे. मत्तय, मार्क आणि लूक यांच्याकडे येशूचे अखेरचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे. योहानाकडे मात्र क्रूसावरील मृत्यू वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जात त्या दिवशी घडतो. मत्तय आणि मार्क आंबेत भिजवलेला स्पंज बोरूच्या टोकावर देतात. योहान तेथे एजोब आणतो. एजोब हे बुटके झुडूप. या कामाला ते गैरसोयीचेच. पण इजिप्तमध्ये चौकटीला रक्त लावले गेले ते एजोबाच्या जुडीने. पुढे येशूचे पाय मोडले जात नाहीत, आणि योहान लगेच शास्त्रवचनाची आठवण देतो; वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडू नये, हा ‘निर्गम’मधील नियम. पहिल्या अध्यायात उच्चारलेल्या ‘देवाचा कोकरा’ या शब्दांची फेड येथे होते. ऋतुचक्राचा आराखडा या एजोबाचे काय करणार?

येथे निसर्ग नाहीच, असे मात्र नव्हे. वल्हांडणाचा महिना ‘अबीब’, म्हणजे कोवळ्या कणसांचा. या सणाच्या काळात नव्या पिकाची पहिली पेंढी अर्पण करण्याचा विधी ‘लेवीय’मध्ये सांगितला आहे, आणि उठलेल्या ख्रिस्ताला पौल ‘प्रथमफळ’ म्हणतो ते याच विधीच्या भाषेत. परंतु हिब्रू परंपरेने सुगीचा हा काळ दास्यमुक्तीच्या स्मरणाशी बांधला. फिरून फिरून येणाऱ्या ऋतूवर एकदाच घडलेल्या सुटकेची तिथी कोरली. आदिबंधात्मक वाचन ही प्रक्रिया उलटी फिरवते आणि सुटकेला पुन्हा ऋतू करून टाकते. शिवाय पालवीवर गेल्या वर्षीचे व्रण नसतात. योहानाचा उठलेला येशू थोमाला हातांतील खुणा आणि कुशीतील जखम दाखवतो. ज्या आराखड्यात या जखमेला जागा नाही, तो या कथेचा आराखडा नव्हे. फ्रायने स्वतः ‘द ग्रेट कोड’मध्ये (१९८२) पूर्वरूप आणि पूर्ती या बायबली रचनेची सविस्तर मीमांसा केली, आपण १९५७ चा फ्राय उचलला आणि हा बाजूला ठेवला.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पूर्वरूप-पूर्तीच्या याच वाचनाने यहुदी ग्रंथ बळकावला नाही काय? बळकावला, हे मान्य केलेच पाहिजे. दुसऱ्या शतकातील सार्डिसचा मेलितो याच सणावरील प्रवचनात कोकराचे रूपक उलगडतो आणि इस्राएलवर देवहत्येचा आरोप ठेवतो. गुड फ्रायडेच्या रोमन कॅथलिक प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचे अपमानकारक विशेषण काढायला १९५९ साल उजाडावे लागले. पण यावर उपाय म्हणून वसंताचा आसरा घेणे म्हणजे यहुदी संहितेला दुसऱ्यांदा हद्दपार करणे होय. एकाने तिला ‘जुनी’ ठरवून ओलांडले, दुसऱ्याने ती वाचण्याची गरजच ठेवली नाही. नाझी राजवटीत मारबुर्गच्या अध्यापकपदाला मुकलेल्या एरिच आउअरबाखने ‘फिगुरा’ या निबंधात (१९३८) दाखवून दिले, की अशा रचनेत पूर्वरूप आणि पूर्ती या दोन्ही घटना ऐतिहासिक आणि वास्तव असतात. पूर्तीमुळे पूर्वरूप पोकळ होत नाही. एका निर्वासित यहुदी विद्वानाने त्या काळात हे मांडावे, याला निव्वळ पांडित्य म्हणता येणार नाही.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची रचनाच ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ अशी आहे: पहिल्यात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. त्यातील पहिले पुराण दुसऱ्याची केवळ पायरी ठरते, की स्वतःच्या पायावर उभे राहते, हे ओवी-ओवीतून तपासण्यासारखे आहे. आपण मात्र मराठी भाषेच्या स्तुतीच्या मोजक्या ओव्या उद्धृत करून तो ग्रंथ मिटून ठेवतो. फ्रेझरच्या उपवनात हिंडण्याआधी तो उघडावा. वल्हांडणाचा कोकरा तेथे मराठीत आपली वाट पाहत आहे.