दाढीचा ब्रश खरोखर कोठला?

या सदराकडे येणाऱ्या पृच्छांत एक पृच्छा अलीकडे वारंवार येऊं लागली आहे. परदेशीं असलेल्या मुलानें किंवा जांवयानें घरांतील वडील माणसास दाढीचा एक उंची ब्रश भेट म्हणून पाठविलेला असतो. मुठीवर इंग्लंडचें अथवा जर्मनीचें नांव असतें. मग घरांत प्रश्न निघतो कीं, हा ब्रश खरोखर तेथें बनला काय? त्यांतील केस कोणत्या प्राण्याचे? ते स्नानापूर्वीं तोंडास लावावेत कीं न लावावेत? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु विचार करूं लागलें म्हणजे व्यापार, कायदा, आरोग्य व आचार असे चार विषय त्याच्या पोटांत दडलेले आढळतात. म्हणून या महिन्याचें सदर आम्ही त्यालाच देत आहों.

प्रथम ‘बनणें’ या शब्दाचा अर्थ ठरवूं. तर्कसंग्रह शिकलेल्या वाचकांस कारणाचे तीन प्रकार आठवतील. वस्त्राचें समवायिकारण तंतु, असमवायिकारण त्या तंतूंचा संयोग, आणि निमित्तकारण विणकर, माग इत्यादि. हाच न्याय ब्रशास लावावा. केस हें समवायिकारण. ते निवडून, टोकें खालीं करून एका लहानशा पेल्यासारख्या सांच्यांत भरतात, म्हणजे वरच्या भागास घुमटासारखा आकार येतो. नंतर बुडाशीं दोऱ्यानें आवळून व चिकट द्रव्यानें घट्ट करून त्यांचा गुच्छ बांधतात. हा झाला संयोग. कारागीर, त्याचीं हत्यारें व त्याचा कारखाना हें निमित्त. शेवटीं लांकडाची, शिंगाची अथवा प्लॅस्टिकची मूठ कातून तींत तो गुच्छ बसविला कीं ब्रश तयार झाला.

आतां गोम अशी कीं, हीं कामें एकाच गांवांत काय, एकाच देशांतहि होतात असें नाहीं. मुठीवर किंवा खोक्यावर छापलेलें देशाचें नांव बहुधा शेवटच्या कृतीस अनुसरून असतें. ग्राहक मात्र तें सगळ्या ब्रशास लागू आहे असें धरून चालतो. घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

केसांपासून आरंभ करूं. उंची ब्रश बॅजर नांवाच्या प्राण्याच्या केसांचे असतात. हा बिळांत राहणारा, रात्रीं हिंडणारा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला प्राणी युरोप व आशिया या दोन्ही खंडांत आढळतो. त्याचा केस बुडाशीं फिकट, मध्यें काळसर व टोकाशीं पांढरा असतो. तो पाणी चांगलें धरतो, त्यामुळें साबणाचा फेस दाट होतो. हा प्राणी आणि हा ब्रश यांची जोडी इतकी जुनी आहे कीं, फ्रेंच भाषेंत ‘ब्लेरो’ हा एकच शब्द दोघांनाहि चालतो. परंतु ब्रिटनमध्यें या प्राण्यास १९७३ पासून कायद्याचें संरक्षण आहे, व १९९२ च्या कायद्यानें तें अधिक दृढ झालें आहे. १९७९ च्या बर्न येथील करारानें इतर युरोपीय देशांतहि त्याच्या शिकारीवर नियंत्रण आलें. तेव्हां ब्रशावर इंग्लंडचें नांव असलें तरी आंतील केस इंग्लंडांतील बॅजरचे असतील ही कल्पना सोडून द्यावी. आज जगाच्या बाजारांत येणारे बॅजरचे केस बहुतेक सर्व चीनमधून येतात. ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ अशीं जीं प्रतीचीं नांवें आपण वाचतों, तींहि कोणत्या सरकारनें ठरविलेलीं नाहींत. प्रत्येक कारखानदार आपापल्या मतानें तीं लावतो. एकाचा ‘सुपर’ दुसऱ्याच्या ‘बेस्ट’हून हलका असूं शकतो.

स्वस्त ब्रश डुकराच्या राठ केसांचे असतात. इटलींतील बोलोन्या येथें व पोर्तुगालांत असे ब्रश बनविणारे जुने व नांवाजलेले कारखाने आहेत. या केसांचाहि मोठा पुरवठा पूर्वींपासून चीनचाच. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४५ या काळांत, चीनला रसद पोंचविणारीं अमेरिकन विमानें हिमालयाच्या पूर्व टोकावरून आसामांत परत येतांना ज्या वस्तु घेऊन येत, त्यांत कथील व टंग्स्टन या धातूंबरोबर डुकराचे केसहि असत. कारण रंगाच्या ब्रशांवांचून जहाजें रंगविणें अडत होतें. आपल्या देशांत कानपूर हें या केसांच्या व्यापाराचें जुनें ठाणें. तेथें निवडून बांधलेला माल लंडनच्या बाजारीं जात असे. उत्तर प्रदेशांतच बिजनोर जिल्ह्यांत शेरकोट नांवाचा गांव ब्रशांच्या धंद्यावर नांवारूपास आला आहे. म्हणजे विलायती म्हणून मिरविणाऱ्या ब्रशाचा केस एकेकाळीं आपल्याच देशांतून गेलेला असण्याचा संभव होता.

कारखान्यांच्या गांवांचीहि अशीच हकीकत आहे. सिम्प्सन हें इंग्लिश ब्रशांतील मोठें नांव. ही पेढी १९१९ सालीं लंडनांत निघाली. महायुद्धांतील बॉम्बवर्षावानंतर सोमरसेट परगण्यांत गेली. आणि २००८ पासून ती आइल ऑफ मॅन या बेटावरील व्हल्फिक्स या दुसऱ्या ब्रशवाल्या पेढीच्या मालकीची झाली व कामहि तेथें गेलें. हें बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या छत्राखालीं आहे, परंतु कायद्यानें युनायटेड किंग्डमचा भाग नाहीं. जर्मनींतील म्यूले ही पेढी सॅक्सनी प्रांतांत श्ट्यूट्झेनग्रून या डोंगराळ गांवीं १९४५ सालीं सुरू झाली. पूर्व जर्मनीच्या सरकारनें १९७२ सालीं ती ताब्यांत घेतली, आणि जर्मनी एक होतांना ती पुनः मूळ कुटुंबाकडे आली. त्या मुलखांत ब्रश बांधण्याची विद्या पिढीजात आहे. अशा ठिकाणच्या कारागिराच्या हातास जें मोल आहे तें खरेंच आहे. केस परदेशांतून आले म्हणून तें कमी होत नाहीं. उलट, तयार गुच्छच बाहेरून विकत घेऊन स्वतः केवळ मूठ कातून तो चिकटविणारेहि आज युरोप-अमेरिकेंत पुष्कळ आहेत. त्यांतील प्रामाणिक लोक तसें स्पष्ट सांगतात. सांगितल्यावर त्यांत दोष कांहींच उरत नाहीं.

कायदा याविषयीं काय म्हणतो? १८८७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट केला. जर्मनीचा माल, विशेषतः झोलिंगेन येथील चाकू-कात्र्या, शेफील्डच्या म्हणून खपविल्या जातात अशी तक्रार होती. म्हणून परदेशी मालावर त्याच्या देशाचें नांव घालणें भाग पाडलें. परिणाम असा झाला कीं, जो शिक्का नामुष्कीचा म्हणून लादला, तोच कांहीं वर्षांत उत्तम मालाची खूण ठरला. पुढें १९६८ च्या ब्रिटिश कायद्यानें अशी व्याख्या केली कीं, ज्या देशांत मालाचें स्वरूप मोठ्या प्रमाणांत पालटणारी शेवटची क्रिया झाली, तो त्या मालाचा देश. युरोपीय संघाचे जकातीचे नियमहि याच धोरणाचे आहेत. अमेरिकेंत मात्र नुसतें ‘अमेरिकेंत बनलेलें’ असें म्हणावयाचें तर माल सर्वस्वी अथवा जवळजवळ सर्वस्वी तेथलाच असावा लागतो. आमच्याकडे बंद वेष्टनांतील मालासंबंधीं २०११ चे जे नियम आहेत, त्यांप्रमाणें वेष्टनावर बनविणाराचें, भरणाराचें किंवा आयात करणाराचें नांव व पत्ता हवा, आणि माल परदेशी असल्यास देशाचें नांवहि हवें. परंतु केस कोणत्या प्राण्याचे व ते कोठून आले, हें केवळ देशाच्या नांवावरून समजत नाहीं. कायद्यानें निमित्तकारण विचारलें. समवायिकारण विचारणें ग्राहकावरच राहिलें.

कोणी म्हणेल, तोंडाला फेस लागल्याशीं काम. केस कोठलेहि असोत! त्यांच्यासाठीं एक खरी घडलेली गोष्ट सांगतों. अँथ्रॅक्स हा गुराढोरांचा भयंकर रोग आहे. आमच्याकडे त्यास फाशी अथवा काळपुळी म्हणतात. त्याचे बीजाणु मेलेल्या जनावराच्या केसांत व कातड्यांत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. पहिल्या महायुद्धापूर्वीं पूर्वेकडील केस जर्मनी व फ्रान्समध्यें येत, आणि तेथें ते स्वच्छ व निर्जंतुक केले जात. १९१४ सालीं युद्ध पेटलें आणि ही वाट मोडली. बॅजरचे केस दुर्मिळ झाले. त्यांची नक्कल म्हणून घोड्याचे केस वापरून ब्रश बनूं लागले, व ते निर्जंतुक न होतांच बाजारांत आले. वस्तऱ्याची बारीकशी जखम रोगास पुरेशी होती. १९१५ ते १९२४ या काळांत अमेरिका व ब्रिटन येथील सैनिक व नागरिक मिळून दोनशेंहून अधिक लोकांस नव्या ब्रशापासून हा रोग जडला, व त्यांतील कित्येक दगावले. शेवटीं १९२० सालीं ब्रिटननें जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. ब्रश विकत घेणाऱ्या त्या तरुण शिपायांना केस घोड्याचे आहेत, ते धुतलेले नाहींत, हें कोणी सांगितलें नव्हतें. नांव एकाचें व वस्तु दुसऱ्याची, यांत केवळ चार पैशांची फसवणूक असते असें नाहीं.

आज निर्जंतुक केलेल्या केसांच्या नव्या ब्रशापासून असें भय मानण्याचें कारण नाहीं. परंतु आजोबा-पणजोबांच्या पेटींतून निघालेला, १९३० पूर्वींचा केसांचा ब्रश जुना ठेवा म्हणून कपाटांत अवश्य ठेवावा. तो चेहऱ्यावर फिरवूं नये.

आतां आचाराचा प्रश्न. आमच्या घरीं एक थोरले काका होते. स्नानसंध्या, सोंवळेंओंवळें यांत अत्यंत काटेकोर. अकरा वर्षें एकच ब्रश त्यांनीं वापरला. एके दिवशीं घरीं आलेल्या पाहुण्यानें तो हातांत घेऊन पाहिला व सहज सांगितलें कीं, हे केस डुकराचे. काका कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवसापासून ते तळहातावर साबण घोळून बोटांनीं फेस करूं लागले, व तसेंच शेवटपर्यंत केलें. पुढें एकदां ते आम्हांस म्हणाले, “डुकरानें माझें कांहीं बिघडविलें नाहीं रे. दुकानदाराला ठाऊक होतें आणि मला नव्हतें, एवढेंच लागलें.” कोणी सोंवळें पाळो वा न पाळो, काकांची ही तक्रार आम्हांस सर्वांची वाटते. ज्यास डुकराचा केस नको असेल त्यास तो टाळतां आला पाहिजे. ज्यास प्राण्याची हिंसा नको असेल त्यासहि निवड करतां आली पाहिजे. २०१८ सालीं चीनमधील बॅजरांचे पिंजरे व त्यांचे हाल प्राणिमित्रांनीं चित्रांसह उघड केले, तेव्हां कांहीं मोठ्या विक्रेत्यांनीं हे ब्रश विकणें बंद केलें. गिऱ्हाइकांना कळलें, म्हणूनच तें घडलें.

घरच्या घरीं ओळखण्याच्या दोनतीन रीती सांगतों. ब्रशांतील एखादा गळालेला केस चिमट्यांत धरून ज्योतीवर न्यावा. प्राण्याचा असेल तर केस जळल्याचा उग्र वास येईल व राख बोटांत चुरेल. कृत्रिम असेल तर तो वितळून त्याचा टणक मणि होईल. भिंगांतून पाहिल्यास डुकराच्या राठ केसाचें टोंक फाटून दोनतीन फांटे झालेले दिसतात. कृत्रिम तंतु सर्व एकसारखे दिसतात. काळा पट्टा मात्र निर्णायक पुरावा समजूं नये. स्वस्त केसांवर रंगानें तसा पट्टा काढतां येतो.

ज्यांना प्राण्याचे केस नकोतच, त्यांच्यासाठीं आजचे कृत्रिम तंतूंचे ब्रश खरोखर चांगले आहेत. १९३८ सालीं नायलॉनचा पहिला दांतांचा ब्रश अमेरिकेंत विक्रीस आला. तोंवर दांतांच्या ब्रशांतहि डुकराचेच केस असत, हें आमच्या भगिनींस ठाऊक नसेल. आतां दाढीसाठीं निघालेले तंतु टोकाशीं निमुळते व मऊ असून लवकर वाळतात. त्यांचे गुच्छहि पुष्कळसे चीनमध्येंच बांधले जातात. पण तेथें आचाराचा प्रश्न उरत नाहीं.

विकत घेतांना दुकानदारास अथवा आयात करणारास चार गोष्टी लेखी विचाराव्या: केस कोणत्या प्राण्याचे, ते कोणत्या देशांतून आले, गुच्छ कोठें बांधला, आणि मूठ कोठें कातली. पत्ता वेष्टनावर असतोच. चारी प्रश्नांचीं उत्तरें सरळ मिळालीं तर ब्रश खुशाल घ्यावा, मग तो चीनचा असो कीं शेरकोटचा. नुसतें “हा विलायती आहे” एवढेंच उत्तर आलें, तर पैसे खिशांत ठेवून दुसरें दुकान पाहावें.