जमिनीखालची राखण



शेतकऱ्याचे कष्ट उभ्या पिकात दिसतात, गवंड्याचे भिंतीत दिसतात. परंतु काही माणसांचे काम असे असते की ते चोख झाले तर कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. बिघडले तरच त्याची वार्ता होते. तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या नळवाहिनीवरील वरिष्ठ अभियंत्याचे काम ह्या जातीचे आहे. ह्या वाहिन्या आता आपल्याही शिवारांतून जाऊ लागल्या असल्याने ते काम समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

ग्वाल्हेर शहरात हरिशंकरपुरम नावाची वसाहत आहे. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. त्या शहरात नळाने वायू पुरविण्याचे काम अवंतिका गॅस ही कंपनी करते. अशा एखाद्या वसाहतीतील गृहिणी शेगडीची कळ फिरविते आणि निळी ज्योत पेटते, तेव्हा त्या ज्योतीमागे केवढी वाट आहे ह्याची तिला कल्पनाही नसते. मध्य भारतात वायू नेणाऱ्या ह्या जाळ्याचे मूळ शोधीत गेलो, तर आपण थेट आपल्या पश्चिम समुद्रात येऊन पोहोचतो.

1974 साली मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल सापडले. 1976 साली त्याच समुद्रात वायूचा मोठा साठा हाती लागला आणि त्यास आपल्या वसईचेच इंग्रजी नाव, ‘बसीन’, मिळाले. तेथील वायू समुद्रतळावरील दोनशे किलोमीटरहून लांब वाहिनीने सुरतेजवळच्या हजिरा बंदरी आणला गेला. पुढे 1984 साली स्थापन झालेल्या ‘गेल’ ह्या सरकारी कंपनीने हजिरापासून मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत सुमारे 1,700 किलोमीटरची वाहिनी घातली. वाटेत झाबुआच्या भिल्ल मुलखात वायूला पुन्हा दाब देणारे केंद्र आहे. विजयपूर हे गाव ग्वाल्हेरच्या दक्षिणेस, गुना जिल्ह्यात. तेथे वायूपासून युरिया तयार करणारा कारखाना उभा राहिला. आज ह्या जाळ्यात परदेशांतून जहाजाने आलेला वायूही मिसळतो. म्हणजे समुद्राखालचा वायू कोणाच्या चुलीत जळतो, तर कोणाच्या शेतात खत होऊन पडतो.

ही वाट बांधावयाची कशी? पोलादी नळाचा एकेक तुकडा साधारण 12 मीटर लांब असतो. हजारो तुकडे वेल्डिंगने जोडावे लागतात आणि जोडाच्या आत पोकळी किंवा भेग राहिली आहे काय, हे क्ष-किरणांसारख्या साधनांनी तपासावे लागते. डॉक्टर मोडलेल्या हाडाचे चित्र काढतो, तद्वतच हे. नळाला गंज चढू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचे जाड आवरण असते. मग तो सुमारे एक मीटर मातीखाली पुरतात, त्यात पाणी भरतात आणि नेहमीच्या कामात जेवढा दाब येणार त्याहून अधिक दाब देऊन त्याची परीक्षा घेतात. त्या परीक्षेत उतरल्यावाचून वायू आत सोडीत नाहीत.

परंतु खरे काम सुरू होते ते त्यानंतर. माती ओली असते, ओल लोखंडाला खाते. म्हणून नळाला सतत अल्पसा विद्युतप्रवाह देऊन गंजापासून जपतात. वाहिनीच्या वाटेवर ठिकठिकाणी लहान खांब दिसतात. तेथे तो प्रवाह मोजता येतो. ठराविक काळाने नळाच्या आतून एक यंत्र सोडतात. ह्या धंद्यातले लोक त्यास ‘पिग’, म्हणजे डुक्कर म्हणतात! वायूच्या रेट्याने ते पुढे सरकते. साधे डुक्कर आतील घाण लोटून काढते. हुशार डुक्कर कोठे पोलाद पातळ झाले आहे हे टिपून आणते. शिवाय रोज पायी चालून वाट तपासणारे ‘लाइन वॉकर’ असतात. कोठे कोणी खणीत आहे काय, गवत अकारण वाळले आहे काय, हे ते पाहतात.

मग वरिष्ठ अभियंत्याचे निराळे असे काय? माप घेणारे इतर असतात, यंत्र चालविणारे इतर असतात. त्या साऱ्यांनी आणलेल्या आकड्यांवर निर्णय घेण्याचा भार त्याच्या खांद्यावर असतो. अमुक ठिकाणी नळ पातळ झाला आहे. तो आज बदलावा की पुढच्या वर्षी? पुरवठा थांबविला तर कारखाने बंद पडतात, वरून विचारणा होते, नुकसान रुपयांत मोजता येते. न थांबविला तर कदाचित काहीच होणार नाही. त्या ‘कदाचित’पाशी त्याच्या विद्येची आणि सदसद्विवेकाची खरी कसोटी लागते.

ती कसोटी हुकली म्हणजे काय होते, हे आंध्र प्रदेशातील नगरम गावाने पाहिले. 27 जून 2014 रोजी पहाटे तेथील वायुवाहिनी फुटून आग भडकली. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. घरे, दुकाने, नारळाची झाडे जळून गेली. कोरड्या वायूसाठी आखलेल्या त्या नळातून पाण्याचा अंश असलेला वायू वाहत होता, त्यामुळे नळ आतून गंजला होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. गंज एका रात्रीत चढत नाही. तो महिनोन् महिने चढत असतो आणि प्रत्येक महिना थांबण्याची एकेक संधी असतो.

आता आपल्याकडे वळू. दहेजहून उरणकडे आणि दाभोळहून बंगळूरकडे जाणाऱ्या वाहिन्या महाराष्ट्रातील गावांतून गेल्या आहेत. जमिनीखालून नळ नेण्यासाठी 1962 सालचा केंद्रीय कायदा आहे. त्यान्वये जमीन सरकारजमा होत नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहते, केवळ वापराचा हक्क घेतला जातो. काम झाल्यावर त्या पट्ट्यात भात, भाजीपाला पूर्वीप्रमाणे घेता येतो. मात्र घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. चिकू-नारळाची वाडी असलेल्या कुटुंबास ही अट लहान नव्हे. कायद्याने पिकाच्या व झाडांच्या नुकसानीची भरपाई मिळते आणि त्याशिवाय त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. हरकत घ्यावयाची असेल तर अधिसूचना निघाल्यापासून 21 दिवसांच्या आत ती सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी लागते. कागद वाचावयाचा राहिला आणि मुदत टळली, असे कोणाच्याही घरी होऊ नये.

हक्काबरोबर सावधगिरीही हवी. वाहिनीच्या खुणेच्या फलकाजवळ खोदकाम करण्यापूर्वी फलकावरील दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. जमिनीतून शिट्टीसारखा आवाज आला, साचलेल्या पाण्यात बुडबुडे दिसले किंवा वायूचा वास आला, तर काडी ओढू नये, पंप वा मोटारसायकल सुरू करू नये; वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जाऊन खबर द्यावी. ‘आपल्याला काय त्याचे’ असे म्हणू नये. लाइन वॉकर दिवसातून एकदा येतो. शेतकरी मात्र सकाळ-संध्याकाळ तेथेच असतो.

आणि मुलांविषयी एक शब्द. ह्या क्षेत्रात केवळ पदवीधर अभियंत्यांसच वाव आहे असे नाही. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकलेल्या हुशार हातांवर हजारो माणसांचे प्राण अवलंबून असतात. घरातील मुलगा वा मुलगी ह्या वाटेस जाऊ म्हणेल तर जरूर जाऊ द्यावे. मात्र त्याबरोबर एक शिकवण द्यावी. जो जोड मातीखाली जाणार आहे, जो पुन्हा कोणी पाहणार नाही, तोही तितक्याच निष्ठेने करावा. आणि नळ पातळ झाल्याचे कागदावर आले असेल, तर वरच्यांस ते रुचो वा न रुचो, त्याच दिवशी सांगावे.