आजीला पैसे दिले, आधार कोण देणार?



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि प्रकरण पात्र ठरले, की सरकार घराला एक लाख देते: 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे. 2023 पासून महिन्याला 2250 रुपये. रक्कम वाढली ते बरेच झाले, वेळेवर मिळाली तर आणखी बरे. पण पैसे टाकले की आपण सुटलो, या सरकारी समजुतीविरुद्ध हे पत्रक आहे.

"आजी आहे ना! पाच लेकरं वाढवली तिनं, तिला काय शिकवायचं?" पोरके लेकरू आजीकडे सोपवताना साहेब लोक असे म्हणतात. साहेब, ती पाच लेकरं वेगळी होती. या पोराने बापाची शेवटची तडफड पाहिली आहे. रात्री ते अंथरूण ओले करते, फवारणीचा वास आला की घरात दडते. घरचे म्हणतात बाबा देवाघरी गेला. शाळेतली पोरे वेगळेच सांगतात. त्याने खरे विचारले तर आजीने काय बोलायचे? तिचाही पोटचा मुलगा गेला आहे. रागाच्या भरात "बापासारखाच निघालास" असे तिच्या तोंडून जाते आणि पोर दिवसभर जेवत नाही. अशा वेळी काय करावे, हे तिला कोणी कधी सांगितले?

परक्या घरी मूल सोपवायचे तर 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 44 त्या कुटुंबाची क्षमता, इच्छा, अनुभव तपासायला सांगते, दर महिन्याला पाहणी करायला सांगते. नात्यात ठेवले की सगळे गृहीत! बालसंगोपन योजनेत गृहभेटी करणाऱ्या संस्थेला मुलामागे महिन्याला 250 रुपये. एवढ्यात झरी-जामणीच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, समुपदेशक कोण पाठवणार?

गुलाबी बोंडअळीसाठी शेतीशाळा थेट बांधावर भरते. लेकरू सांभाळणाऱ्या आजी, मामी, काकूसाठी तशी शाळा महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी भरवा. यवतमाळला नको, उमरखेडहून येण्या-जाण्यातच रोजी बुडते. त्या दिवसाची मजुरी द्या, कापूसवेचणीच्या दिवसांत शाळा बंद ठेवा. आणि मूल सोपवल्यावर पहिले सहा महिने शिकलेला माणूस घरी येऊ द्या. वहीवर अंगठा घेऊन उंबऱ्यावरूनच परतणारा नको.

गावालाही विचारायचे आहे. ग्राम बाल संरक्षण समिती कागदोपत्री असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. येत्या ग्रामसभेत उठून विचारा: समितीची शेवटची बैठक कधी झाली? गावात किती आज्या नातवंडे सांभाळतात? मिळेल ते उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला पाठवा.